मैदानाकडे पाठ

ठोकेमामांनी आपल्या क्लबचा घरच्या मैदानावरचा एकही सामना कधी चुकवला नव्हता, आणि एकही सामना कधी पाहिला नव्हता. नवा माणूस हे ऐकून बुचकळ्यात पडायचा. पण त्यात जादू काही नव्हती. गोलच्या मागे जो स्टँड होता, त्याच्या पायथ्याशी तेलाचं एक रिकामं पिंप उभं केलेलं असे आणि मामा ते लाकडी मोगरीने बडवत. कधी ओरडायचं आणि कधी गप्प बसायचं हे सगळ्या स्टँडला मामांच्या हातांवरून कळे, म्हणून मामांना तोंड लोकांकडे करून उभं राहावं लागे. मैदान पाठीशी. सामना ते चेहऱ्यांवर वाचत. माणसं पुढे सरकून बसली की आपला चेंडू पुढे गेला, कुणी कपाळाला हात लावला की आपला बचाव झोपला. इतक्या वर्षांत हे वाचन फारसं चुकलं नव्हतं आणि त्याचा मामांना थोडा माजही होता.

धंद्याने मामा डेंटर. आपटलेल्या गाड्यांचे पोचे काढायचे. पत्र्याच्या आत लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून हातोडीने हलक्या हाताने ठोकत जायचं आणि रुसलेल्या माणसाची समजूत घालावी तसा पत्रा हळूहळू जागेवर आणायचा. जन्मभर हेच केल्यामुळे उजव्या कानाने कधीच राजीनामा दिला होता. डावा कान त्यांच्या सोयीने चालतो, असं मामींचं म्हणणं होतं. पाठीमागे रेफ्रीने शिट्टी मारली की नाही, हे मामांना कळत नसे. पण समोर एवढे चेहरे असताना शिट्टी हवी कशाला?

पेनल्टीच्या वेळचा रिवाज मात्र मामांनीच पाडलेला होता आणि तो दूरवर प्रसिद्ध होता. पेनल्टी समोरच्यांची असेल तर पिंप आणि सगळा स्टँड मिळून असा कल्ला करायचा की मारणाऱ्याला स्वतःचं नाव आठवू नये. पेनल्टी आपली असेल तर मामा दोन्ही हात वर करायचे आणि स्टँड चिडीचूप व्हायचा. माणसं खोकलासुद्धा गिळायची. आपल्या माणसाला शांतपणे मारू द्यायचं. घरच्या मैदानाचा फायदा म्हणतात तो हाच, असं मामा छाती फुगवून सांगत.

आणि आपल्या पेनल्ट्या मारायचा तो पेंटर.

पेंटर म्हणजे मामांच्याच गॅरेजमधला. मामांनी ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावर पुटी भरायची, पॉलिश पेपरने घासायची आणि रंग मारायचा हे त्याचं काम. एका गाडीवर आधी एकाचा हात आणि मग दुसऱ्याचा. मामांची हातोडी कुठे घसरली हे जगात फक्त पेंटरला कळे आणि तो ते पुटीखाली झाकून टाकी. दोन वर्षांपूर्वी तो मामांचा जावईही झाला. तेव्हापासून मामा त्याला घरी ‘तुम्ही’ म्हणत आणि गॅरेजमध्ये ‘तू’, आणि रस्त्यात भेटला तर काय म्हणावं हे न सुचून नुसतं खाकरत. तो मात्र पहिल्यापासून ‘मामा’च म्हणत आला होता, त्यामुळे त्याची सोय होती.

तर नदीपलीकडच्या क्लबशी सामना होता. पलीकडच्यांशी हरणं म्हणजे वर्षभर तोंड लपवून फिरणं. त्यात हा चषकाचा सामना, हरला तो बाहेर. वेळ संपली, बरोबरी सुटली नाही, पेनल्ट्यांवर आलं. त्या मामांच्या बाजूच्या गोलवरच मारायच्या ठरल्या तेव्हा स्टँडने आधीच जिंकल्यासारख्या टोप्या उडवल्या.

क्रम सरळ होता. एक त्यांची, एक आपली, पुन्हा एक त्यांची, एक आपली. मामांचा हिशेब त्याहून सरळ. एकदा बडवायचं, एकदा गप्प. चार फेऱ्या अशाच गेल्या आणि तरीही बरोबरीच. पाचव्या, शेवटच्या फेरीत त्यांचा माणूस आला. मामांनी पिंप बडवलं आणि आपल्या गोलकीपरने चेंडू अडवला. स्टँड उसळला. मामांनी ते चेहरे डोळे भरून पाहिले आणि मोगरी खाली ठेवली. आता आपली.

इथेच घोड्याने पेंड खाल्ली. रेफ्रीने शिट्टी मारली होती. गोलकीपर रेषेच्या पुढे आला होता, पेनल्टी पुन्हा घ्यायची होती. समोर लोक ओरडत होते, मुठी नाचवत होते. तो राग होता, पण मामांना तो आनंद वाटला. त्यांनी दोन्ही हात वर केले. सवय अशी चीज आहे की ओरडणारा स्टँड हळूहळू खरोखरच गप्प झाला. पलीकडच्यांच्या माणसाने आपल्या मैदानावर, आपणच दिलेल्या शांततेत, आरामात गोल मारला. मामांना समोरचे चेहरे पडलेले दिसले. त्यांनी वाचलं, आपली हुकली. म्हणजे अजून बरोबरीच, आता पुन्हा त्यांची. त्यांनी मोगरी उचलली आणि जीव खाऊन पिंप बडवायला सुरुवात केली.

समोर काही जण हात हलवत होते, तोंडं उघडी होती. मामांना वाटलं, आज मंडळी रंगात आली आहेत. मग एकदम सगळे हात खाली आले. कुणी रडत होतं. मामांना काही उमगेना. त्यांनी सहसा न केलेली गोष्ट केली, मागे वळून पाहिलं. पेनल्टीच्या ठिपक्यावर आपल्या रंगाचा शर्ट घातलेला एक माणूस गुडघ्यांवर बसला होता. चेंडू गोलच्या कितीतरी वरून गेला होता. तो माणूस पेंटर होता.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये काम होतं त्याहून चर्चा जास्त होती. गॅरेजच्या दाराशी कुठल्याशा मोडीत निघालेल्या गाडीचं मागचं सीट काढून ठेवलं होतं, त्यावर शेजारचा टायरवाला, कोपऱ्यावरचा केमिस्ट आणि निवृत्त मास्तर असे तिघे रोज बसत. आज ते सकाळपासूनच ठाण मांडून होते.

“मला एवढंच सांगा,” टायरवाला म्हणाला, “घरच्या मैदानाचा फायदा गेला कुठे? गवत आपलं, खड्डे आपले, ओरडणारे आपले. मग हरलो कसे?”

“त्यामुळेच हरलो,” मास्तर म्हणाले. “परक्या मैदानावर हुकली तर बसमध्ये बसून निघून जाता येतं. इथे हुकली तर सकाळी त्याच दुकानात दूध आणायला जायचंय. घरच्या मैदानाचं ओझं असतं, फायदा कसला?”

“ओझंबिझं काही नाही. टॉस,” केमिस्ट म्हणाला. “पहिली पेनल्टी मारणारा अर्धा जिंकलेला असतो.”

“मग टॉस झाला की घरीच जाऊ या ना,” मास्तर म्हणाले. “खेळता कशाला?”

“आणि ती पुन्हा मारायला दिली ते?” टायरवाला म्हणाला. “गोलकीपर किती पुढे होता? एवढासा. एवढंसं तर मी झोपेतही सरकतो.”

पेंटर आत बंपर घासत होता. तो पाणी घ्यायला दाराशी आला की तिघांचं मत बदले. “पेनल्टी म्हणजे शेवटी निव्वळ नशीब,” असं तिघेही एका सुरात म्हणत. तो आत गेला की आवाज खाली येई. “पाय लटपटला त्याचा. दिसतच होतं.” मामा दोन्ही ऐकत होते, कारण डावा कान त्या दिवशी नको इतका चांगला चालत होता. पिंपाचं नाव कुणीच काढत नव्हतं. मामांना आधी हायसं वाटलं, मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. यांना कळलंच नाही की काय? की कळलंय आणि माझ्यासमोर बोलत नाहीत?

दुपारी मुलगी डबा घेऊन आली. नवऱ्याचा डबा त्याच्यापाशी ठेवून ती वडिलांकडे आली आणि गाडीच्या पलीकडे उभी राहून हळू आवाजात म्हणाली, “बाबा, ह्यांनी बूट माळ्यावर टाकले.”

“कोणते बूट?”

“खेळायचे. क्लबला सांगून आले, मला धरू नका म्हणून. घरी एक शब्द बोलत नाहीत. तुम्ही बोलून बघा ना. तुमचं ऐकतात.”

मामांच्या हातातली हातोडी तशीच राहिली. बूट माळ्यावर. ज्याने वर्षानुवर्षं आपले पोचे झाकले त्याच्यावर गावाने खापर फोडावं आणि आपण ठोकळा धरून बघत बसावं, हे त्यांच्या जिवाला लागलं. पण बोलायचं काय? मी पिंप वाजवलं म्हणून तुझी हुकली? आणि तसं नसलं तर? एवढा खेळलेला माणूस पिंपाच्या आवाजाने चेंडू वर मारतो, असं म्हणणं म्हणजे त्याचा आणखी अपमान नाही का?

घरी त्यांनी मामींना सगळं सांगितलं. मामींना फुटबॉलमधलं एवढंच कळे की त्या दिवशी नवऱ्याचे कपडे जास्त मळतात. त्या भाजी निवडत ऐकत होत्या.

“म्हणजे चूक तुमची,” त्या म्हणाल्या, “आणि बूट जावयांचे माळ्यावर. अहो, मग तुमची मोगरी टाका ना माळ्यावर.”

“तसं सोपं नसतं ते.”

“अवघड काय त्यात? शिडी धरते मी.”

मामांनी रात्रभर विचार केला, म्हणजे मामींच्या म्हणण्याप्रमाणे घोरत विचार केला, आणि सकाळी ते थेट सीटसमोर जाऊन उभे राहिले.

“मंडळी, हरलो ते माझ्यामुळे. आपल्या पेनल्टीला मी पिंप वाजवलं. आणि त्यांच्या वेळी तुम्हाला गप्प केलं. ती पुन्हा घ्यायला लावल्याचं मला कळलं नाही, माझा क्रम चुकला.”

“छे,” टायरवाला म्हणाला. “आपल्या पेनल्टीला शांतता होती. मला माझा श्वास ऐकू येत होता.”

“शांतता नव्हती,” केमिस्ट म्हणाला. “आवाज होता. पण तो पलीकडच्यांच्या स्टँडमधून.”

“त्यांच्याकडे पिंप कुठे आहे?” टायरवाल्याने विचारलं.

“मग पाय आपटत असतील.”

“अहो, मी वाजवलं,” मामा म्हणाले. “हे हात माझे. मला कळणार नाही?”

“मामा, तुमची पाठ होती मैदानाकडे,” टायरवाला समजुतीने म्हणाला. “आम्ही पाहत होतो. तुम्हाला कसं कळणार?”

मास्तरांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला. “मामा, तुमचं मन मोठं आहे. जावयासाठी अंगावर घेताय. पण सासऱ्याने असं पांघरूण घातलं तर लोक आणखी बोलतील. म्हणतील, पाहा, घरच्यांनाही सारवासारव करावी लागते. तुम्ही नका पडू यात.”

मामांचं डोकं गरगरायला लागलं. आले होते कबुली द्यायला आणि पेंटरच्या नावावर आणखी एक डाग लावून बसले. संध्याकाळी ते मैदानावर जाऊन पिंपासमोर उभे राहिले. सगळं पिंप पोच्यांनी भरलेलं. पत्र्यावरचा पोचा पाहून गाडी कुठे आणि कशी आपटली हे सांगणारे मामा, पण त्यातला त्या पेनल्टीचा पोचा कोणता हे त्यांना सांगता येईना. वाजवलं होतं ना आपण? वाजवलं होतं. की नव्हतं? एवढी माणसं नाही म्हणतात.

शेवटी विचारण्यासारखं एकच माणूस उरलं होतं. दुसऱ्या दिवशी एका गाडीचं दार बसवायचं होतं. पेंटर बाहेरून दार धरून उभा होता आणि मामा आत वाकून ठोकळा लावत होते. समोरासमोर पाहावं लागत नव्हतं, म्हणून मामांना धीर आला.

“एक विचारू का?” ते म्हणाले, आणि गोंधळात पुढे म्हणाले, “तुम्हाला त्या दिवशी पिंप ऐकू आलं?”

गॅरेजमध्ये ‘तुम्ही’ ऐकून पेंटर थबकला. “आलं ना.”

“म्हणजे वाजवलं होतं मी.”

“वाजवलं होतं. का?”

“का काय? तुझी पेनल्टी हुकली की त्याने.”

पेंटरने दार जराही हलू दिलं नाही.

“मामा, मला ती शांतता आवडत नाही,” तो म्हणाला. “कधीच आवडली नाही. एवढी माणसं श्वास रोखून बसतात, मला वाटतं माझं हृदय सगळ्यांना ऐकू जातंय. दर वेळी पोटात गोळा येतो. तुम्ही एवढ्या हौसेने हात वर करता, म्हणून बोललो नाही. त्या दिवशी पिंप सुरू झालं आणि मला एकदम बरं वाटलं. गॅरेजमध्ये आल्यासारखं. तुम्ही ठोकताय, मी माझं काम करतोय. आयुष्यात पहिल्यांदा न घाबरता मारली.”

“आणि वरून गेली.”

“हो, गेली वरून,” पेंटर म्हणाला. “ते का, ते मलाही कळत नाही. भीती नव्हती तरी हुकली, म्हणूनच बूट टाकले वर. घाबरून हुकली असती तर समजलं असतं.”

मामा तसेच वाकून राहिले. कंबर भरून आली तरी त्यांना सरळ व्हायचं सुचलं नाही. इतकी वर्षं ज्याला ते फायदा म्हणत होते त्याने पोराच्या पोटात गोळा येत होता, आणि जी चूक म्हणून ते झुरत होते तिने त्याला बरं वाटलं होतं, आणि बरं वाटूनही गोल झाला नव्हता. की हे सगळं पुटीसारखं होतं? मामांची हातोडी घसरली की जावई झाकणारच. ते त्यांना ओळखता आलं नाही.

“पुन्हा वाजवलं तर मारशील?” त्यांनी विचारलं.

“लोक तुम्हाला खातील.”

“मला काय विचारतोस लोकांचं? माझी पाठ असते.”

“पाठ मैदानाकडे असते, मामा. लोकांकडे तोंड असतं.” आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच पेंटर थोडा हसला.

पुढच्या सामन्याच्या सकाळी मुलीने निरोप पाठवला, बूट माळ्यावरून खाली आले. मामा वेळेच्या बरेच आधी मैदानावर पोहोचले. सामना साधाच होता, समोरचा संघही साधा. तरी गोल काही होत नव्हता. आणि मग मामांनी चेहरे वाचले. सगळे उभे राहिले, मग खाली बसले आणि एकमेकांकडे पाहायला लागले. आपल्याला पेनल्टी मिळाली होती आणि ती कोण मारणार हे कुणाला कळत नव्हतं. मामांनी सवयीने दोन्ही हात वर केले. स्टँड गप्प झाला. आज तर जास्तच गप्प, कारण आज सगळ्यांच्या मनात तीच एक गोष्ट होती.

मामांनी मुलीला शोधलं. ती स्टँडच्या मधोमध बसली होती. तिने तोंडावरचा हात काढला आणि मान हलवली. तोच मारतोय.

मामांनी हात खाली घेतले, मोगरी उचलली आणि वाजवायला लागले. मोठ्याने नाही. गॅरेजमध्ये पत्रा जागेवर यायला लागल्यावर हात जसा चालतो, तसा. ठक ठक, ठक. ठक ठक, ठक.

पुढच्या रांगेतून टायरवाला ओणवा झाला. “मामा, आपली आहे. आपली.”

“माहीत आहे,” मामा म्हणाले आणि वाजवत राहिले.

मग समोरचे चेहरे पडले. वाचायला काही उरलं नव्हतं. मामांनी वळून पाहिलं तर गोलकीपर चेंडू पोटाशी धरून बसला होता आणि पेंटर कमरेवर हात ठेवून उभा होता. यावेळी तो खाली बसला नव्हता.

क्षणभराने स्टँड फुटला आणि सगळाच्या सगळा मामांच्या अंगावर आला. डोकं फिरलं का, म्हातारचळ लागला का, पिंप काढून फेका, ह्या माणसाला बाहेर काढा. मास्तर, ज्यांनी जन्मात कुणाला अरे म्हटलं नव्हतं, तेही उभं राहून बोटं नाचवत होते. मामा एकेका चेहऱ्याकडे पाहत होते. त्यांनी सगळे चेहरे वाचून काढले, वरच्या रांगेपर्यंत. पेंटरवर चिडलेला एकही नव्हता. मामांना इतका आनंद झाला की तो लपवायला त्यांना खाली वाकून मोगरी शोधल्यासारखं करावं लागलं. ती त्यांच्या हातातच होती.

दुसऱ्या दिवशी सीटवर एकमत होतं.

“त्या दिवशीसुद्धा यांनीच वाजवलं होतं,” टायरवाला सांगत होता. “मी तेव्हाच म्हटलं होतं. पिंपाने घालवला आपला चषक. बिचाऱ्या पेंटरला उगीच नावं ठेवली लोकांनी.”

“लोकांना काय,” केमिस्ट म्हणाला. “मी तर पहिल्यापासून सांगत होतो, आवाज होता म्हणून.”

आत मामांनी ठोकळा पत्र्यामागे धरला. डोक्यात अजून गोंधळच होता. पिंपाने बरं वाटतं म्हणाला, मग दोन्ही वेळा हुकली कशी? खरं बोलला की मला सावरून घेतलं? विचारायला त्यांनी तोंड उघडलं, पण पेंटरच आधी बोलला. तो पॉलिश पेपर ओला करत होता आणि मान वर न करता म्हणाला, “मामा, पुढच्या वेळी जरा हळू घ्या. पाय ठोक्याच्या पुढे पळतो.”

मामांनी मान हलवली आणि हातोडी उचलून, जरा हळू, ठोकायला सुरुवात केली.